पंचफुलाबाईंची कोरी शिशी

पंचफुलाबाई तायडे प्रत्येक शिशी ओळखत. आमच्या प्रयोगशाळेत माती हलवायच्या ब्याऐंशी शिश्या होत्या. सगळ्या एकाच कारखान्याच्या आणि एकाच मापाच्या. मला त्या आजही सारख्याच दिसतात. बाईंना मात्र कोणाच्या गळ्याला टवका आहे, कोणाच्या बुडात हवेचा बुडबुडा अडकलाय, कोणती ओट्यावर तिरकी उभी राहते, हे सगळं पाठ होतं. त्यांनी नावंही ठेवली होती. लंगडी, बुडबुडी, एक जाड काचेची म्हणून म्हैस. शिशी फुटली की त्या तिचं नाव घेऊन हळहळत. "बुडबुडी गेली बापा," असं म्हणत त्या काचा वेचताना मी त्यांना पाहिलं आहे.

मी १९६४ साली अकोल्याच्या या प्रयोगशाळेत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. फळबागायतदारांच्या एका सहकारी मंडळानं ती सुरू केली होती. मोठी कचेरी अमरावतीला, आणि प्रयोगशाळा इथे, एका जुन्या रुईच्या गोदामात. माणसं मोजकी. प्रमुख कमलाकांत पाठक, ज्यांना सगळे साहेब म्हणत. मी, एक शिपाई आणि शिश्या धुणाऱ्या पंचफुलाबाई.

बाईंचं माहेर अकोटकडचं. लहानपणी कापूस वेचला, लग्नानंतर अकोटच्याच एका जिनात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सरकी निवडली. छप्पन साली घरच्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्यानंतर चार वर्षांनी नवरा जानराव यांना अकोल्याच्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये काम मिळालं आणि दोघं इकडे आली. एकसष्टपासून त्या आमच्याकडे रोजंदारीवर होत्या. रोज सकाळी घरून एक डबा आणायच्या. त्यात चुलीतली, चाळून घेतलेली पऱ्हाटीची राख. वऱ्हाडात कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात, आणि त्या राखेनं घासलेलं भांडं आरशासारखं निघतं. प्रयोगशाळेतल्या जस्ताच्या मोठ्या बादलीत राखेचं पाणी करायचं, त्यात शिश्या बुडवायच्या, नारळाच्या काथ्यानं घासायच्या, मग दोनदा नळाच्या पाण्यानं आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळायच्या. उन्हात पालथ्या घातलेल्या त्या शिश्यांकडे पाहून साहेब पाहुण्यांना म्हणायचे, "अशी काच तुम्हाला नागपुरातसुद्धा दिसायची नाही."

फक्त एका भांड्याला बाईंचा हात लागत नसे. ते म्हणजे साहेबांचा जर्मन फ्लास्क. तो कपाटात, फलालीनच्या कापडात गुंडाळून ठेवलेला असे. साहेब स्वतः त्याला नायट्रिक आम्लानं धूत. आम्ल वर्षाला चार बाटल्या मिळायचं, त्यामुळे फ्लास्क आणि बूच-तोटीची चार विभाजक नरसाळी एवढ्यांनाच ते पुरायचं. "फुटला तर दुसरा मिळायचा नाही, पंचफुलाबाई," असं साहेबांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाच वर्षांत बाईंच्या हातून तीन शिश्या फुटल्या होत्या, माझ्या हातून दोन वर्षांत नऊ. तरी तो फ्लास्क मला मिळायचा.

आमचं मुख्य काम मातीतलं जस्त मोजण्याचं. संत्र्याच्या झाडाला जस्त फार थोडं लागतं, पण ते मिळालं नाही तर पानं बारीक होतात, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. गंमत अशी की आपल्या काळ्या मातीत जस्त असतं. पण ते बहुतेक खनिजाच्या पोटात बंद असतं. मातीच्या कणांच्या अंगाला नुसतं टेकून बसलेलं, दुसरा कोणी आला की जागा सोडून पाण्यात उतरणारं, असं जे थोडं जस्त असतं, तेवढंच मुळांच्या कामाचं. त्याला आम्ही विनिमयशील जस्त म्हणतो. हे मी एकदा बाईंना समजावत होतो. मला वाटलं, अवघड जाईल. त्या काथ्या हातात धरून ऐकत होत्या.

"म्हंजे कापसासारखं," त्या म्हणाल्या. "बोंडातला कापूस चिमटीनं निंगते. सरकीले चिकटलेला चिमटीनं निंगत नाई, त्याले जीन लागते. तुमी फक्त चिमटीनं निंगते तेवढंच मोजता."

याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

मोजण्याची रीत अशी. शिशीत माती घालायची, त्यावर अमोनियम ॲसिटेटचं द्रावण ओतायचं, अर्धा तास हलवायचं. अमोनियम मातीच्या कणांवर जाऊन बसतो आणि टेकलेलं जस्त पाण्यात येतं. ते गाळून नरसाळ्यात घ्यायचं आणि डायथायझोन नावाच्या रंगाबरोबर हलवायचं. हा रंग मुळात हिरवागार. जस्त भेटलं की गुलाबी होतो, जास्त भेटलं तर लाल. दरवेळी एक नमुना मातीशिवायचा, कोरा चालवायचा. तो हिरवाच राहिला पाहिजे. कोरा गुलाबी झाला तर समजायचं की जस्त मातीतून नाही, आपल्याच भांड्यांतून किंवा पाण्यातून येतंय. साहेब कोरा नमुना नेहमी जर्मन फ्लास्कमध्ये चालवत, कारण त्यांचा सगळ्यांत जास्त भरवसा त्याच्यावर होता. तो दरवेळी हिरवा राही.

सहासष्टच्या श्रावणात दुर्गाबाई आल्या. चांदूर बाजाराकडच्या एका गावात त्यांची अडीचशे झाडांची संत्र्याची बाग होती. नवरा वारल्यावर बाग त्यांनीच वाढवलेली. त्यांच्या मातीचा अहवाल आम्ही महिन्याभरापूर्वी पाठवला होता. जस्त भरपूर, कमतरता नाही. त्यांनी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी पिवळ्या पानांची एक डहाळी ठेवली.

"साहेब, हा कागद खरा का हे पान खरं?"

साहेब म्हणाले, "आई, जस्त कमी असतं तर पान असं दिसलं असतं हे खरं. पण तुमच्या मातीत जस्त आहे. रोग दुसरा असणार."

"कोणता?"

साहेबांनी डहाळी उलटसुलट करून पाहिली.

"तुमची काच आंधळी हाये, नाईतर माहे झाडं आंधळे हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "सोमवारी लाकूडवाला येऊन राहिला. बाग काढून तूर पेरतो म्हन्ते माहा दीर. रोगाले औषध नाई तर झाडं ठेवून काय करू? म्हनून पुन्हा माती आनली. शेवटची." त्यांनी पिशवी पुढे केली. बाहेर जाताना ओट्याशी उन्हात ठेवलेल्या शिश्यांपाशी त्या थांबल्या. "बाई, तुमी घासल्या?"

"हो."

"चांगल्या घासल्या," असं म्हणून त्या एस.टी. गाठायला निघून गेल्या. त्या दिवशी गुरुवार होता.

त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर आणखी एक कागद होता. पंचफुलाबाईंना रोजंदारीवरून कायम करण्याची शिफारस. मीच तो टंकलेखन यंत्रावर उतरवला होता. हजेरी, वागणूक, फुटतूट हे रकाने भरले होते. एकच राहिला होता: कामात आढळलेल्या चुका. तो भरून महिनाअखेर कागद अमरावतीला जायचा होता. पाच वर्षांत बाईंच्या नावानं असा कागद पहिल्यांदाच निघत होता, आणि तो परत आला तर पुन्हा कधी निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं. घरी जानरावांचा प्रेसमधला हंगाम वर्षातून सहा महिने. बाकीचे सहा महिने बाईंच्या या कामावर चालत.

शुक्रवारी आम्ही दुर्गाबाईंची माती तपासली. एकच माती चार शिश्यांत, म्हणजे हात चुकला तर कळावं. तीन नरसाळ्यांत रंग लाल झाला. चौथ्यात मात्र तो जवळजवळ हिरवाच राहिला, नुसती कडेला गुलाबी झाक.

"हा चुकला," साहेब म्हणाले. "ॲसिटेट कमी पडलं असेल. तीनच धरा."

मी वहीत चौथ्यावर काट मारली. बाई मागे मोरीशी उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या शिश्या उचलल्या, चौथी हातात धरून जरा वेळ पाहत राहिल्या, आणि मोरीकडे वळल्या.

ती शिशी म्हैस नव्हती, लंगडी नव्हती. तिला अजून नावच नव्हतं. मंगळवारी बुडबुडी फुटली होती आणि तिच्या जागी खोक्यातून ही नवी काढलेली. नव्या काचेला मळ नाही, म्हणून बाईंनी तिला राख लावली नव्हती. नुसती ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळून ठेवली होती. हे सगळ्या प्रयोगशाळेत फक्त त्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. स्वयंपाक चालू होता. चुलीत पऱ्हाट्या, दारात जानराव. बाईंनी त्यांना सांगितलं की राखेत नाहीतर बादलीत काहीतरी आहे, ते शिशीत येते, अन् त्या बाईच्या बागेवर कुऱ्हाड चालून राहिली.

"तुले काहून वाटते असं?"

"राख न लावलेली एकच शिशी हिरवी राह्यली."

"मंग साहेबाले नाई कळत? तो शिकेल मानूस हाये."

"त्याले शिश्या सारख्या दिसतात."

जानराव हसले. मग गंभीर झाले. "पंचफुला, महिनाभर थांब. कागद जाऊ दे अमरावतीले. मंग सांग. आता सांगशील तं त्या रकान्यात तुहंच नाव बसन. पाच वर्साचं काम एका राखेत जाईन."

"अन् झाडं?"

"झाडं आपले हायेत का?"

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखी राख चाळली, डब्यात भरली. सकाळी निघताना मात्र तो डबा चुलीपाशीच ठेवला. जानरावांनी तो पाहिला. म्हणाले, "बरं, जा. तसंही तुह्या पोटात राहनार नव्हतं." आणि बाईंची छत्री आणून दिली.

शनिवारी साहेब अहवालावर सही करायला बसले तेव्हा बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी तिथवर येत नसत.

"साहेब, ते चौथं चुकलं नाई. ते तीन चुकले."

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणता?"

बाईंनी सगळं सांगितलं. नवी शिशी, राख, बादली. बोलताना त्यांनी पदर घट्ट धरला होता, पण आवाज हलला नाही. "चूक माही हाये. मी चांगलं घासलं म्हनून झाली."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "पंचफुलाबाई, तसं असतं तर कोरा नमुना गुलाबी झाला असता. तो तर दरवेळी हिरवा येतो."

"तो तुमच्या जर्मन शिशीत करता. तिले मी कुठं घासते?"

पाच वर्षं आमचा कोरा नमुना खरं बोलत होता, पण फक्त त्या एका फ्लास्कबद्दल. बाकीच्या ब्याऐंशी शिश्यांबद्दल आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"मले ती शिशी द्या," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांसारखी घासून आनते. मंग कोरं चालवा. हिरवं राह्यलं तं मी खोटी."

साहेब उठले. कपाट उघडलं, फ्लास्क काढला, कापड सोडलं. तो दोन्ही हातांत धरून जरा थांबले. मग पुढे केला. "राख आहे का?"

"आज आनली नाई," बाई म्हणाल्या. "कालचं पानी बादलीत हाये."

त्यांनी त्या फ्लास्कला इतर शिश्यांपेक्षा जास्त जपलं नाही आणि कमीही नाही. बादलीत बुडवला, काथ्यानं फिरवला, विसळला, पालथा घातला. मी त्यात नुसतं ॲसिटेट घेतलं, मातीचा कण नाही. अर्धा तास हलवलं. नरसाळ्यात हिरवा रंग ओतला. साहेबांनी स्वतः नरसाळं हलवलं आणि कड्यात ठेवलं. खालचा थर स्थिर झाला. तो लाल होता.

पहिल्यांदा बोलल्या त्या बाईच. "पाह्यलं? नुसत्या हवेत जस्त निंगालं."

साहेब इतक्या मोठ्यानं हसले की शिपाई आत आला. पण हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "राखेचं पाणी क्षारीय. जस्ताच्या बादलीत रात्रभर ठेवलेलं. ते बादलीच खात होतं, आणि ते जस्त विसळल्यावरही काचेला टेकून बसत होतं. मी रसायनशास्त्राचा माणूस, आणि ही बादली मी निवडून आणली, स्वस्त मिळाली म्हणून."

आम्ल उरलं होतं अर्धी बाटली. बाईंनी सुचवलं, सराफ्यातल्या सोनारांकडे तेजाब असते, आणू का? साहेब म्हणाले, "त्यातून जस्ताऐवजी तांबं निघेल, बाई. तेही या रंगाला भेटतं." शेवटी ते स्वतः सायकलवर कॉलेजात गेले आणि दोन बाटल्या उसन्या घेऊन आले. दुपारभर आम्ही तिघांनी मिळून आठ शिश्या आम्लानं धुतल्या. साहेबांनी धुतलेल्या एका शिशीकडे पाहून बाई म्हणाल्या, "साहेब, गळ्याले आत बोट फिरवा. तुमी वरवरच धुता." साहेबांनी बोट फिरवलं.

पाच वाजता दुर्गाबाईंची माती चार शिश्यांत पुन्हा चालवली. चारही नरसाळी हिरवी. कडेला तीच हलकी गुलाबी झाक. मातीत जस्त होतं, पण चिमटीनं निघणारं जवळजवळ काहीच नव्हतं.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं मी पत्र घेऊन निघालो. अकोट, परतवाडा, मग चांदूर बाजार, पुढे दोन मैल चालत. दुर्गाबाई बागेतच होत्या. मी पत्र वाचून दाखवलं: झाडं तोडू नयेत, जस्त सल्फेट आणि चुन्याची निवळी नव्या पालवीवर दोनदा फवारावी, आधीचा अहवाल आमच्या चुकीमुळे खोटा होता, त्याबद्दल क्षमा असावी. खाली साहेबांची सही.

"चूक कोनाची?" त्यांनी विचारलं.

मी राखेची हकिगत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "मी तिले म्हनलं होतं चांगल्या घासल्या म्हनून." मग दिराला हाक मारली. "भाऊजी, लाकूडवाल्याले सांगा, पोळ्यानंतर ये. अन् तवाही नको येऊ."

त्यानंतरचे दोन महिने आमच्या प्रयोगशाळेत फार कष्टाचे गेले. साहेबांनी त्या वर्षीचे सगळे एकेचाळीस अहवाल मागे घेतले आणि प्रत्येक बागायतदाराला स्वतः पत्र लिहिलं. मातीचे नमुने जपून ठेवलेले होते, ते पुन्हा तपासले. एकोणतीस ठिकाणी निष्कर्ष बदलला. काही पत्रांना उत्तरं आली, काही उत्तरांत चांगल्याच शिव्या होत्या. साहेबांनी त्या सगळ्या फाइलला लावल्या.

शिफारशीच्या कागदाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. कामात आढळलेल्या चुका, या रकान्यात साहेबांनी लिहिलं: एक. ती त्यांनी स्वतःच शोधून दाखवली. मी म्हणालो, साहेब, "नाही" लिहिलं तर? ते म्हणाले, "मग त्यांनी टेबलापाशी येऊन सांगितलं त्याला काय अर्थ?" बाईंनाही त्यांनी तो रकाना वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "बरोबर हाये. जाऊ द्या तसाच."

कागद परत आला. जानरावांना वाटलं होतं तसंच. अमरावतीच्या कचेरीनं विचारलं होतं, चुकीचे स्वरूप काय व नुकसान किती? साहेबांनी दोन पानी उत्तर पाठवलं. शेवटी लिहिलं की नुकसान म्हणून जस्ताची एक बादली बाद केली आहे, आणि यापुढे या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर विसंबायचं असेल तर या बाई इथे कायम असणं जरूर आहे. मग महिनोन्‌महिने काही कळलं नाही. बाई रोज येत. राखेचा डबा गेला, त्याच्या जागी आम्लाची मातीची कुंडी आली. हातांना चिरा पडू नयेत म्हणून त्या जवसाचं तेल लावून काम करत.

दिवाळीच्या आधी दुर्गाबाई आल्या. झाडांना त्या वर्षी फळ धरलं नव्हतं, म्हणून त्यांनी डहाळीच आणली. पानं रुंद, एकसारखी हिरवी. साहेब उठून उभे राहिले. पण दुर्गाबाईंनी ती टेबलावर ठेवली नाही. "ते राखवाली बाई कोठी हाये?" असं विचारत त्या सरळ मागे मोरीकडे गेल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही, फक्त मधेच दोघी हसल्या.

बाईंनी डहाळी पाण्यात ठेवायला एक शिशी निवडली. ती चौथी, नवी. आता तिला नाव मिळालं होतं: खरी.

सदुसष्टच्या मार्चमध्ये, अमरावतीहून, बाई कायम झाल्याचा हुकूम आला. जानरावांनी पेढे आणले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "मीच म्हनलं होतं, सांगून टाक." बाईंनी त्यांना तसं म्हणू दिलं.

आज या गोष्टीला दोन वर्षं झाली. जर्मन फ्लास्क अजून आहे, पण कापडात नाही, ओट्यावर बाकीच्यांच्या रांगेत असतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी साहेब विचारतात, "बाई, आज कोरी कोणती?" पंचफुलाबाई डोळे मिटतात, ओल्या शिश्यांच्या रांगेवर हात फिरवतात आणि हाताला येईल ती उचलून देतात. एखाद्या दिवशी म्हैस असते, एखाद्या दिवशी लंगडी. मी त्यात नुसतं द्रावण घेतो, हलवतो, रंग ओततो. तो खाली बसेपर्यंत त्या काथ्या हातात घेऊन तिथेच उभ्या राहतात. हिरवा दिसला की म्हणतात, "करा सुरू."